दोन रिंगांचा बूथ

माझ्या बायकोचा धाकटा भाऊ आमच्या शहरातल्या द्वारका चौकाजवळ टेलिफोन बूथ चालवतो. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून त्याचा उजवा पाय कामाचा नाही. अपंगांच्या कोट्यातून हा बूथ मिळाला तेव्हा बोलायला रांग लागायची. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. तरी बूथ चालू आहे असं मी सांगितलं की ऐकणाऱ्याला मी गंमत करतोय असं वाटतं.

चालण्याचं कारण साधं आहे. त्याच्या टपरीजवळ सकाळी बांधकामावर जाणारे मजूर येऊन उभे राहतात. त्यांतले बरेच पेठ तालुक्याकडच्या खेड्यांतले. घरात मोबाइल एकच, आणि तो गावाकडे पोरांपाशी. ज्यांच्याजवळ असतो त्यांचा रिचार्ज संपलेला असतो. हे लोक बूथवरून घरी मिस कॉल देतात. दोन रिंगा झाल्या की रिसीव्हर ठेवायचा. बूथचा नंबर दिसला की घरचे कॉल उचलत नाहीत, उलट तिकडून लावतात, कारण तिकडच्या मोबाइलवर महिनाभराचं बोलणं फुकट असतं. मेव्हणा एका मिस कॉलचा एक रुपया घेतो. तिकडून आलेल्या फोनवर कितीही बोला, त्याचं काही घेत नाही. शिवाय बिस्किटं, वेफर्स, पाण्याच्या बाटल्या. एवढ्यावर त्याचं भागतं आणि खोलीचं भाडं निघतं.

रस्त्याच्या कामात त्या पट्ट्यातल्या सगळ्या टपऱ्या उठणार असं कळलं, तेव्हा बायकोने मला न विचारता आमची मागची खोली झाडून घेतली. भाऊ आपल्याकडे येऊन राहील, असं तिने धरून टाकलं. तो आला, चहा प्यायला, खोली बघितली.

"चांगली आहे," तो म्हणाला. "पण मी येणार नाही, ताई."

"का? मी काय परकी आहे?"

"तू नाहीस. पण सकाळी उठून मी जायचं कुठं?"

ती रिकामा कप उचलून आत गेली. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाला बहिणीच्या घरी दिवसभर टीव्हीसमोर बसवायचं, हे मलाही पटत नव्हतं.

अपंग बूथधारकांना पर्यायी जागा मिळणार होती. अट एकच, बूथ चालू असला पाहिजे. बंद पडलेल्या बूथच्या नावाखाली दुसराच धंदा करणाऱ्यांना जागा नाही. अट मला योग्य वाटली, अजूनही वाटते. त्याचे कागद माझ्या लग्नापासून मीच करतो. अंबडच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो, त्यामुळे कागद लावून ठेवायची सवय आहे. मूळ मंजुरीपत्र, अपंगत्वाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, स्टॅम्पपेपरवरचं प्रतिज्ञापत्र, सगळं मी एका फाइलीत लावलं. राहिलं होतं टेलिफोन खात्याचं कमिशनचं स्टेटमेंट. बूथवाल्याला मोबदला मिळतो तो युनिटवर, म्हणजे बोललेल्या मिनिटांवर. जेवढे युनिट पडतील त्याच्या हिशेबाने खातं कमिशन देतं. तेव्हा बूथ चालू असल्याचा पुरावा म्हणजे कमिशन.

स्टेटमेंट आणलं. मागच्या तीन महिन्यांत कमिशन शून्य.

पर्यायी जागा देणाऱ्या कार्यालयातल्या बाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"साहेब, बूथ चालू आहे म्हणता. मग एकही कॉल नाही?"

"कॉल होतात. समोरचा उचलत नाही."

"तीन महिन्यांत एकानेही उचलला नाही?"

"उचलायचाच नसतो."

त्यांनी चष्मा काढला. मी त्यांना मिस कॉलचं सगळं समजावून सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला पटलं. पण मी हे कुठल्या रकान्यात लिहू? कॉल उचलला नाही तर युनिट नाही. युनिट नाही तर बूथ बंद, असंच वरचे धरणार. यादी पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाते. या महिन्याचं स्टेटमेंट आणा. ते कोरं नसलं तर मी फाइल वर पाठवते."

महिना संपायला नऊ दिवस होते. टपरीवर येऊन मी मेव्हण्याला हे सांगितलं, तेव्हा शेजारचा चहावाला कान देऊन ऐकत होता.

"एवढंच ना? माझ्या मोबाइलवर लावून ठेव की तासभर. मी खिशात ठेवतो. पडू दे युनिटं."

"तसं नको," मी म्हणालो. "कोणी कोणाशी बोललंच नाही तर ते खोटं झालं."

"दाजी, तुमच्यासारखी चार माणसं असती तर द्वारकेचा ट्रॅफिक सुटला असता," चहावाला म्हणाला. मेव्हण्याचं ऐकून तोही मला दाजीच म्हणतो.

मेव्हण्याने माझी बाजू घेतली, पण तत्त्वासाठी नव्हे. "गिऱ्हाईक आहे ना माझ्याकडे. रोज पंधरा-वीस जण येतात. त्यांनाच सांगतो, आज मिस कॉल नाही, खरं बोला. पैसे वाटलं तर मी भरतो."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि सकाळी सातला टपरीवर जाऊन बसलो. पहिली आली ती पेठकडची एक बाई, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली. गावी सासूपाशी तिची मुलगी होती. मेव्हण्याने तिला समजावलं. तिने नंबर फिरवला. दोन रिंगा, तीन, सहा. मग कॉल आपोआप तुटला.

"नाय उचलत," ती म्हणाली.

"परत लाव."

परत तेच. तिने रिसीव्हर ठेवला आणि लगेच फोन वाजला. मुलीने सवयीने उलट लावला होता. बाईने काही खाल्लंस का, शाळेत जातेस ना, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "आता मी इकडून लावते. तू उचल."

पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "कशाला? बोलली ना आता."

"तू उचल म्हनलं ना."

"आजी वरडंल. त्या नंबराचा उचलायचा नाय म्हनती ती."

"आजीला दे."

आजीला पटवण्यात बराच वेळ गेला. आजीचं म्हणणं, हा नंबर उचलला की इकडचे पैसे कटतात, हे सुनेनेच तिला शिकवलं होतं, आता सूनच उलटं सांगते म्हणजे काहीतरी भानगड आहे. शेवटी ती एकदा उचलायला तयार झाली. बाईने नंबर फिरवला. दुसऱ्या रिंगेला पलीकडून उचलला गेला.

"बोल," आजी म्हणाली.

बाईने आमच्याकडे बघितलं. "काय बोलू आता? सगळं झालं बोलून."

"काहीपण बोल," मेव्हणा हळूच म्हणाला.

बाईने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "आत्या, तुमचा गुडघा कसा हाय?"

यावर आजीने जे सुरू केलं ते मशीनवर तीन युनिट पडेपर्यंत चाललं. रिसीव्हर ठेवल्यावर बाई म्हणाली, "कोनी इचारत नाय ना तिला." आणि ठेकेदाराची गाडी आली म्हणून पळाली. दोन रुपये ठेवून गेली. मेव्हण्याने ते घ्यायला नको होते असं मला वाटलं, पण त्याने घेतले. धंद्याच्या वेळी तो धंदा करतो.

बाकीच्यांचंही थोड्याफार फरकाने असंच झालं. वर्षानुवर्षं न उचलण्याची शिस्त लावलेली, ती एका दिवसात मोडत नव्हती. एका गवंड्याची बायको उचलायला तयार झाली, पण काही वाईट घडलंय असं समजून रडायला लागली. एका तरुणाने लावलेला कॉल बापाने उचलला आणि "पैसे जास्त झाले का रे तुला?" एवढं बोलून ठेवून दिला. तरी एक युनिट पडलं. घरी आल्यावर मी बायकोला सांगितलं की उद्या भावाचा फोन येईल, तो उचल. दुसऱ्या दिवशी अकराला फोन आला. तिने नंबर बघितला, दोन रिंगा होऊ दिल्या, आणि मोबाइलवरून त्याला उलट फोन लावला. "लक्षातच आलं नाही," ती म्हणाली. मग तिलाही पुन्हा उचलायला लावलं. बहीण-भावाचं बोलणं खरंच होतं, म्हणून ते युनिट मी धरलं.

नऊ दिवसांत एकूण चव्वेचाळीस युनिट पडली. कमिशन झालं ते एका चहाच्या वर नव्हतं. मी स्टेटमेंट नेऊन दिलं. बाईंनी आकडा बघितला, खाली पेन्सिलीने रेघ मारली आणि कागद फाइलीत घातला. "शून्य नाही ना, बस," म्हणाल्या.

यादीत नाव आलं. जागा चौकापासून थोडी आत, एका भिंतीच्या कडेला मिळाली. मजुरांना तिथे यायला रस्ता ओलांडावा लागतो, त्यामुळे गिऱ्हाईक थोडं तुटलं. फोनची वायर तिकडे नेण्याचा अर्ज वेगळा करावा लागला, त्यात तीन आठवडे गेले. नंबर मात्र तोच राहिला. मंजुरीच्या पत्रात शेवटी एक ओळ होती: दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी कमिशनचं स्टेटमेंट जोडावं.

ती वाचून मेव्हण्याने एक पद्धत सुरू केली. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक मिस कॉल देणार नाही, खरं बोलणार. मिस कॉलचा रुपया पुरा त्याचा असतो. खऱ्या कॉलमधले बहुतेक पैसे खात्याचे, त्याच्या हाती रुपयातले वीस-तीस पैसेच पडतात. मी हिशेब करून दाखवला की या पद्धतीत वर्षाला त्याचं अडीचशे रुपयांच्या आसपास नुकसान आहे.

"अडीचशेत द्वारकेला जागा मिळते का, दाजी?" तो म्हणाला.

मी नाही म्हणालो. तेवढ्यात एक माणूस आला आणि त्याने रुपया पुढे केला. मेव्हण्याने घड्याळ बघितलं आणि त्याला सांगितलं की आज पहिला तूच आहेस. तो माणूस कुरकुरला, आज घाई आहे म्हणाला, आणि मग नंबर फिरवून पलीकडच्याने उचलण्याची वाट बघत उभा राहिला.