घाटात माईक धरताना

मी नारायणगावच्या एका फोटो स्टुडिओत कामाला आहे. लग्नाच्या व्हिडिओवर गुलाबाच्या पाकळ्या उडवणं, बारशाच्या आमंत्रणात बाळाला चंद्रावर बसवणं, वाढदिवसाच्या बॅनरवर कुणाच्याही फोटोमागं वाघ उभा करणं, ही माझी कामं. ती मी झटपट करते आणि मला त्याचा गर्वही होता. त्यामुळं पुण्यामुंबईचे कलाकार येऊन गाणं कसं बांधायचं, व्हिडिओ कसा तयार करायचा ते शिकवणार आहेत असं मालकांनी सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं, की आता आणखी काय शिकायचं राहिलंय? तरी नाव दिलं. सुट्टीच्या दिवशी घरी गहू निवडत बसण्यापेक्षा बरं.

वर्ग भरायचा मंगल कार्यालयात. आमचं वेळापत्रक पंचांगानं ठरवलेलं होतं, म्हणजे लग्नाची तीथ नसेल त्या दिवशी वर्ग. शिकवायला दोघं. म्युझिकच्या ताई मुंबईच्या, केस बारीक कापलेले, बोलणं त्याहून बारीक. कॅमेऱ्याचे सर पुण्याचे, किडकिडीत आणि कायम भुकेले. आम्हाला वाटलं होतं पहिल्या दिवशी मोठाली मशिनं बाहेर निघतील. ताईंनी काय काढलं, तर कोठीतल्या वऱ्हाडाच्या गाद्या. त्या आम्हाला भिंतींना टेकवून उभ्या करायला लावल्या. नवरीच्या खोलीचा स्टुडिओ झाला. मग सगळ्यांना गप्प बसवलं, एक छोटा रेकॉर्डर सुरू केला आणि एकेकाच्या कानाला हेडफोन लावला.

माझी पाळी आली आणि माझ्या अंगावर काटा आला. गप्प बसलेल्या खोलीत केवढा तरी आवाज होता! टाकीतून पाणी टपकत होतं, हायवेवर एक ट्रक गिअर बदलत होता, शेजारच्या बाईचं पोट गुरगुरत होतं. हे सगळं रोज माझ्या कानावरून जात होतं आणि मला पत्ता नव्हता. मी हेडफोन काढेचना. मागची मंडळी ओरडायला लागली, की अहो, आम्हालाही ऐकू द्या.

त्या दिवसापासून मला वेडच लागलं. जीपमध्ये बसले तरी मी दाराच्या खडखडाटाला ताल धरायची. घरी आई भाकरी थापायला लागली की मी म्हणायची, थांब, जरा हळू, ऐकू दे. आई म्हणायची, हिला कुणाकडं तरी दाखवून आणा. ताई शिकवायच्याही मजेदार. रेकॉर्डरच्या पडद्यावर आवाजाची पट्टी हलते, ती हिरवी असेल तोवर ठीक, पिवळी झाली की सांभाळा, आणि लाल झाली की आवाज फाटला. "फाटलेला आवाज कुठलाही शिंपी शिवत नाही," असं त्या म्हणायच्या. म्हणून रेकॉर्ड करताना डोळे पट्टीवर, तोंड बंद, आणि श्वास घ्यायचा तोही चोरून.

शेवटी काम दिलं: दोघादोघांनी मिळून आपल्या गावातला एक आवाज आणायचा, त्याच्याभोवती गाणं बांधायचं आणि व्हिडिओ करायचा. माझा जोडीदार जुन्नरचा, घरचं बांगड्यांचं दुकान. सर म्हणाले, वा, बांगड्यांचा आवाज घ्या. तो हात जोडून म्हणाला, "सर, जन्मल्यापासून तोच ऐकतोय, दुसरं कायबी सांगा." आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "बारी."

ताईंना बारी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मग सगळा वर्गच सांगायला पुढं सरसावला. मातीचा चढाचा पट्टा, त्याला आमच्याकडं घाट म्हणतात. पुढं घोडी, तिच्यामागं गाड्याला जुंपलेले बैल. एका गाड्याची एक धाव म्हणजे एक बारी. सुटली म्हणेपर्यंत संपते, पण तेवढ्यासाठी माणसं वर्षभर बैलाला लेकरासारखं जपतात. गाडा सुटला की सगळा घाट एका आवाजात ओरडतो, "उचल की टाक, भिर्रर्र!" हे सांगताना आळेफाट्याच्या एका गॅरेजवाल्यानं तिथंच गादीला धरून अशी आरोळी ठोकली की ताईंच्या हातातला चहा सांडला.

ताईंनी मला विचारलं, तू किती वेळा पाहिलीस? मी म्हणाले, एकदाही नाही.

आमचा पांढरा बैल खोंड होता तेव्हापासून माझ्या हातचं खातोय. गाड्याचे बाकीचे बैल अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दोस्तांचे, पण नाव आमच्या पांढऱ्याचं. कणकेचे गोळे आई करते, चारते मी. माझ्या ओढणीला तोंड पुसल्याशिवाय त्याचं जेवण पुरं होत नाही. पण आमच्या घरातल्या बायका घाटात जात नाहीत. शेजारच्या गावांतल्या हल्ली जातात, आमचे अप्पा त्याला तयार नाहीत. यात्रेच्या दिवशी मी आणि आई गच्चीवर उभ्या राहतो आणि लाऊडस्पीकरवरून येणारं पुकारणाऱ्याचं बोलणं वाऱ्यासोबत तुटक तुटक ऐकतो. माझ्या हातचं खाल्लेला बैल पळताना अख्ख्या तालुक्यानं पाहिला, मला सोडून. याचा मला राग येतो. चांगला सणसणीत येतो.

ताई म्हणाल्या, "तू बघायला कुठं चाललीस? तू कामाला चाललीस." ही वाट मला आजवर कशी सुचली नाही कोण जाणे.

घरी गेल्यावर मी अप्पांसमोर रेकॉर्डर ठेवला आणि वर्गाचं, कामाचं सगळं सांगितलं. आई चुलीपुढं पाठमोरी बसून ऐकत होती. अप्पांनी मशीन उलटंपालटं करून पाहिलं. मिशी चावली. मग म्हणाले, "कामाला जायाचं तर कामच कराचं. तोंडातनं आवाज काढायचा न्हाई. माझ्या घरातली बाई घाटात वरडली असं कुणी म्हणलं, तर परत पाय ठेवायचा न्हाई तिथं." मी म्हणाले, आवाज काढायचाच नसतो, आमच्या कामाचा नियमच आहे तो. त्यांनी मान हलवली. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता.

यात्रेच्या दिवशी जोडीदार जुन्नरहून भल्या सकाळी आला. आम्ही घाटाच्या कडेला, शेवटच्या निशाणाजवळ जागा धरली. त्यानं स्टँडवर कॅमेरा लावला, मी काठीला माईक बांधून हेडफोन चढवला. ऊन चटचटत होतं, भंडाऱ्यानं सगळ्यांची डोकी पिवळी झाली होती. बायका होत्या थोड्या, पण माझ्याकडं लोक बघत होते ते काठीमुळं. एका म्हाताऱ्या पावण्यांनी विचारलंही, पोरी, या काठीनं मासं धरती का काय? पहिल्या काही बाऱ्या आम्ही अगदी शिकवल्याप्रमाणं घेतल्या. पट्टी हिरवी, क्वचित पिवळी. टापा, खुरं, चाकं, सगळं स्वच्छ. जोडीदारानं मला अंगठा दाखवला. आम्हाला वाटलं, आपण आता मुंबईलाच जायचं बाकी.

मग पुकारणाऱ्यानं अप्पांचं नाव घेतलं.

खाली, पार त्या टोकाला, गाडा जुंपत होते. अप्पा बैलांच्या पुढं उभे राहून त्यांना धरून होते. मी डोळे पट्टीवर ठेवले. खरंच ठेवले. बारी सुटली आणि हेडफोनात आधी काहीच नाही, मग जमिनीतून आल्यासारखी धडधड, मग ती वाढतच गेली. मला त्यातली आमच्या पांढऱ्याची खुरं कुठली ते ओळखायचं होतं. म्हणून मी फक्त एकदा मान वर केली.

काय सांगू. घरी दावणीला डुलत उभा राहणारा, माझ्या ओढणीला नाक पुसणारा तो बैल मान ताणून, शेपूट ताठ करून माझ्याकडं येत होता आणि जमिनीला त्याचे पाय लागत नव्हते. मला कुणी सांगितलं असतं की हा दुसराच कुणी आहे, तर पटलं असतं. पुढचं मला आठवत नाही. निशाण पडलं, चोहीकडं भंडारा उडाला, आणि मी भानावर आले तेव्हा माझा घसा दुखत होता.

जोडीदार शोधूनही दिसेना. तो घाटाच्या कडेनं वर, बऱ्याच लांब उभा होता. स्टँडसकट कॅमेरा खांद्यावर घेऊन तो गाड्याबरोबर पळत सुटला होता.

मंगल कार्यालयात आम्ही ते सगळ्यांसमोर लावलं. चित्रात आधी बैल दिसतात, मग जमीन, मग आभाळ, मग कुणाची तरी चप्पल, मग नुसता पिवळा रंग. आवाजात धडधड वाढत येते आणि तिच्या डोक्यावर, माईकच्या अगदी तोंडाशी, एक बाई जिवाच्या आकांतानं "भिर्रर्र" म्हणून किंचाळते. पट्टी लालभडक. बाकी काही ऐकूच येत नाही. सर हसता हसता गादीवर आडवे झाले. ताईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, एवढी शिकवणी पाण्यात गेलेली मी आजवर पाहिली नाही.

मला मात्र हसू येत नव्हतं. शेवटच्या दिवशी सगळ्यांचे व्हिडिओ घरच्यांसमोर दाखवायचे होते. अप्पा येणार होते, त्यांचे दोस्त येणार होते. मी शब्द दिला होता, आणि तो मोडल्याचा पुरावा मीच माईक धरून तयार केला होता. अप्पांनी तो ऐकला की घाट मला कायमचा बंद.

यावर उपाय होता आणि तो मला चांगला ठाऊक होता. आधीच्या बाऱ्यांचे आवाज आमच्याकडं स्वच्छ होते. त्यातला एक उचलून आमच्या बारीखाली लावला तर कुणाला कळणार होतं? मी स्टुडिओत रोज हेच करते. लावलाही. फार सुरेख बसला. जोडीदार म्हणाला, मस्त झालंय. मी ते पुन्हा एकदा ऐकलं आणि मला किळस आली. आमच्या भागात माणूस एकवेळ दुसऱ्याचा बांध कोरील, पण दुसऱ्याच्या बैलाची बारी आपल्या बैलाच्या नावावर सांगणार नाही. बाळाला चंद्रावर बसवते ती गोष्ट वेगळी. ज्याला मी पळताना डोळ्यांनी पाहिलं, त्याच्या पायाला परक्या बैलाची खुरं लावू? मी ते पुसून टाकलं आणि ताईंना म्हणाले, जे आहे तेच ठेवू या.

मग आम्ही झपाटल्यासारखे लागलो. आरोळी येईपर्यंत मी हळूहळू नुसती शांतता भरली: पहाटेचा गोठा, कणीक मळतानाचा आईच्या हाताचा आवाज, रवंथ, घंटा. जोडीदारानं शेवटी नाइलाजानं दुकानातून बांगड्या आणल्याच, त्यांचा ताल घुंगरांसारखा धरला. सरांनी आभाळाचं आणि पिवळ्या रंगाचं चित्र कापू दिलं नाही. ताईंनी आरोळी थोडी खाली आणली, पण ती फाटलेली होती ती फाटलेलीच राहिली.

दाखवायच्या दिवशी अप्पा दोस्तांबरोबर पुढच्या रांगेत बसले, आई मागं बायकांत. मी भिंतीच्या गादीला पाठ लावून उभी होते. पडद्यावर गोठा आला तेव्हा अप्पा हसले. धडधड सुरू झाली तेव्हा पुढं सरकून बसले. मग माझी आरोळी अख्ख्या कार्यालयात घुमली. अप्पांच्या दोस्तांनी शिट्ट्या मारल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. अप्पांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते मागं वळून मला शोधत होते.

बाहेर चपला घालताना त्यांनी मला गाठलं. आई शेजारी उभी होती. "आवाज तुझा व्हता?" मी हो म्हणाले. "काम करते म्हणली व्हतीस." मी पुन्हा हो म्हणाले. खोटं सांगण्यात अर्थ नव्हता आणि मला सांगायचंही नव्हतं.

त्यांनी चपलेचा अंगठा नीट केला. मग माझ्याकडं न बघता बोलले, "मी म्होरं धरून उभा ऱ्हातो. बारी सुटली का मला निस्ती धूळ दिसती, पाठमोरी. आपला बैल समोरनं येताना कसा दिसतो ते मला आज कळलं. अन् त्याला बघून आपलं मानूस कसं वरडतं, ते बी." मग म्हणाले, "पुढल्या यात्रंला घाटात ये. पन ते मशीन घरी ठेव."

मी हो म्हणणार तेवढ्यात आई पुढं आली. ती म्हणाली, "अन् मशीन राखाया मी घरी का?"

अप्पांनी तिच्याकडं पाहिलं. कणकेचे गोळे करून करून जिचे हात दुखतात ती बाई एवढ्या वर्षांत असं काही बोलली नव्हती. ते जीपपर्यंत चालत गेले, पुढच्या सीटवर बसले, आणि गाडी सुरू झाल्यावर मान न वळवता म्हणाले, "दोघीबी या."