टॉवेल-टोपीच्या जागी जाहिरात

बायकोचा तेरावा होऊन आठवडा झाला नसंल, तोच जालन्याहून पोरीचा फोन आला.

"अण्णा, कंपनीनं आपल्या चॅनलवरच्या जाहिराती बंद केल्या. म्हणतेत, कोणीतरी पैशासाठी त्या खोट्या-खोट्या दाबल्या."

चॅनल म्हणजे पोरीनं आईच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ काढून मोबाइलवर टाकले होते ते. बायको भाकरी थापता थापता बोलायची. ती गेली, आवाज तेवढा तिथं राहिला.

"कोणी दाबल्या?"

"ते सांगत न्हाईत."

हे मला पटलं न्हाई. आरोप करायचा अन् नाव लपवायचं! आज जाहिरात काढली, उद्या बायकोला पुसून टाकतील.

संशय सरळ भोकरदनच्या मेहुण्यावर गेला. बहिणीचं तोंड गावभर दाखवलं म्हणून तो पहिल्यापासून धुसफुसायचा. त्याला फोन लावला. "व्हिडिओवरच्या जाहिराती खोट्या-खोट्या तू दाबल्या का रे?"

"दाबल्या की! सात डाव. सख्खा भाऊ हाय मी."

"लाज न्हाई वाटत?"

"दाजी, तुम्हीच सांगितलं ना! तेराव्याला मी टॉवेल-टोपी काढली, तर म्हणले, टोप्या ठेवायला जागा न्हाई, दुखवट्याचा मान म्हणून तिचा व्हिडिओ लावा अन् जाहिरात दाबा. सगळा मांडव दाबून राह्यला होता. तुमचे आष्टीचे व्याही तर चष्मा पुसून पुसून दाबत होते."

मी फोन ठेवला. बोललो होतो खरं. दाबलं की पोरीला चार पैसे मिळतेत, तिला हातभार लागंल, असं वाटलं होतं.

पोरीला सांगितलं. ती आधी हसली, मंग म्हणाली, "अण्णा, खरंच बघायचं, घ्यायचं म्हणून दाबलेली त्यांना चालती. एकाच मांडवातून इतक्या जणांनी दाबली की त्यांची मशीन वळखती."

"मशीनला दुखवटा कळतो का?"

"न्हाई. म्हणून तर बंद केलं. पण व्हिडिओ ऱ्हातेत."

"कोण म्हणतं?"

"त्यांनी लिहून दिलंय."

लिहून दिलेल्यावर माझा भरोसा न्हाई. म्हणालो, "जल्दी ये अन् समदे व्हिडिओ माझ्या मोबाइलात भर." ती दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आली. भरले. तिनं भरले म्हणाल्यावरही मी एकेक लावून तपासला, आवाज बराबर येतो का म्हणून. वांग्याच्या भाजीच्या व्हिडिओत बायको मधीच माझ्यावर खेकसली, "सरका ओ तिकडं, उजेड अडवून राह्यले."

मी बाजवर जरा सरकलो.