दिव्याखाली उभी राहणारी थेल्मा

थेल्माचं काम सोपं, पण पाय मोडणारं. हॉलिवूडच्या एका स्टुडिओत दिवे लावून होईस्तोवर नटीच्या जागी उभं राहायचं. नटी म्हणजे कोरिन हेल. दोघींची उंची सारखी, गालाची हाडंही सारखी. सात वर्षं थेल्मा भाजत राहिली आणि कोरिन सावलीत बसून राहिली. थेल्माला त्याचं काही वाटायचं नाही. कोरिनबद्दल कुणी वाकडं बोललं की मात्र ती अंगावर जायची.

या सिनेमात कोरिनचं आणि नायक ब्रँडेलचं फाटलं. कारण काय, तर पोस्टरवर आधी नाव कुणाचं. प्रेमाचा शेवटचा प्रसंग उरला होता आणि दोघं समोरासमोर उभी राहीनात. मग दिग्दर्शक होर्वाथनं ठरवलं, दोघांचे चेहरे वेगवेगळे घ्यायचे. ब्रँडेलवर कॅमेरा असेल तेव्हा कोरिनची वाक्यं थेल्मानं शेजारून वाचायची.

सकाळी मेकअपच्या खोलीत कोरिन म्हणाली, "वाण्याची यादी वाचतात ना, तसं वाच. बघू कसा रडतो तो."

"मॅडम, होर्वाथ हाकलून देईल मला."

"मी आहे ना गं."

थेल्मानं तसंच वाचलं. ब्रँडेलचा चेहरा लाकडाचा झाला. नऊ वेळा घेतलं, नऊही वेळा फुकट. होर्वाथनं तिच्या हातातला कागद ओढला.

"कुणी शिकवलं हे?"

"कुणी नाही. मला असंच येतं."

"काल तालमीत हेच वाचून माझ्या लाइटवाल्याला रडवलंस की."

ब्रँडेल जवळ आला, हळूच म्हणाला, "पोरी, तिनंच सांगितलं ना? नाव घे, तुझी नोकरी मी वाचवतो."

थेल्मानं कोरिनकडे पाहिलं. कोरिन हातातल्या आरशात ओठ रंगवत होती. आरसा काही खाली आला नाही.

"मला नीट वाचताच येत नाही, साहेब," थेल्मा म्हणाली.

मग कोरिन होर्वाथला म्हणाली, "या बायका उभं राहण्यापुरत्याच. दुसरी बघा."

जेवणाच्या सुट्टीआधीच दुसरी आली. खडूच्या खुणेवर उभी राहून डोळे चोळत होती. थेल्मा पर्स घेऊन निघाली, पण तिच्यापाशी थांबली.

"वर बघू नकोस, जमिनीकडे बघ. आणि बाई यायच्या आधी तो उजवीकडचा दिवा जरा वळवायला सांग. त्यांना तो सोसत नाही."