घासून नवा केलेला क्लॅम्प

ही गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. बायकोला तर नाहीच. गंमत बघा — माझ्या पोटात काही राहत नाही, असा माझा घरात लौकिक आहे. वाढदिवसाची साडी लपवून आणली तरी दारातच तुमच्या तोंडावर दिसतं, असं मनीषा म्हणते. आणि ही एवढी मोठी गोष्ट मात्र अगदी नीट लपली. कशी लपली असेल? मला वाटतं, कुणाला शंका यायला जागाच नव्हती. माझ्यावर सगळ्यांचा विश्वास होता — अजून आहे — तीच तर अडचण आहे.

आधी माझं काम सांगतो. त्यावाचून माझं चुकलं काय ते कळायचं नाही. वालीवच्या एका छोट्या कारखान्यात आम्ही क्लॅम्प बनवतो. क्लॅम्प म्हणजे लोखंडी पट्टी वाकवून केलेलं कडं. टोकांना दोन कान, कानांतून आरपार एक बोल्ट. बोल्ट आवळला की कान जवळ येतात आणि कडं पाइपाला घट्ट धरतं. मोटरसायकलचा सायलेन्सर इंजिनाकडून येणाऱ्या पाइपावर बसवतात, तो सांधा असा क्लॅम्पच धरून ठेवतो. तयार माल तपासणं हे माझं काम. माझ्या हाताखालून गेल्याशिवाय एक कडं बाहेर जात नाही, इतका मी काटेकोर.

तर सायलेन्सरवरचा क्लॅम्प एकदा आवळला, तापला, निवला की त्याची पट्टी ताणली जाते. तो काढून पुन्हा लावला तर कान एकमेकांना टेकतात, आणि मग बोल्ट कितीही पिळा — पकड येत नाही. दिसतो मात्र घट्ट. नवा माणूस कामाला लागला की मी त्याला पहिल्याच दिवशी सांगतो, क्लॅम्पचं लग्न एकदाच होतं बाबा. सगळे हसतात. माझा हा ठरलेला विनोद आहे. होता, म्हणायला हवं. हल्ली मी तो करत नाही.

मी मूळचा राजापूरकडचा. नोकरीसाठी इकडे आलो, स्टेशनजवळ फ्लॅट घेतला. मनीषा उमेळ्याची, जुन्या शेतकरी घरातली. त्यांची सांडोरला केळीची वाडी — केळी, पडवळ, कडेने थोडा मोगरा. आमचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या वडिलांनी, अण्णांनी, विरोध केला नाही, पण त्यांना फार आनंदही झाला नव्हता. जावई बाहेरचा, ना वाडी ना खाडी. माझ्याशी बोलायचं काय, हाच त्यांना प्रश्न पडायचा. मलाही पडायचाच. पहिले काही सण आम्ही दोघांनी पंख्याकडे बघत काढले.

मग एकदा त्यांची मोटरसायकल सुरू होईना आणि मी बाही वर करून प्लग साफ केला. झालं. त्या दिवसापासून अण्णांचा चेहराच बदलला. गाडी त्यांचा जीव की प्राण. पहाटे उठून तिच्यावर सांडोरला जायचं, झाडांना पाणी सोडायचं, केळीची पानं कापायची, मागे सासूबाईंना बसवायचं, त्यांच्या मांडीवर पानांचा भारा — आणि सावकाश बाजाराला. हा त्यांचा वर्षानुवर्षांचा दिनक्रम. त्या गाडीचा वैद्य मी झालो. शेजारपाजारी सांगत सुटले, आमचे जावई क्लॅम्पचे साहेब आहेत. मी साहेब नाही. पण मी कधी ते दुरुस्त केलं नाही. कोण करतो?

इथपर्यंत सांगायला मला मजा येते, हे लक्षात आलं का तुमच्या? पुढचं सांगायला लागलो की मी नेहमी इथेच घोटाळतो. मनातल्या मनात कितीदा तरी.

अण्णांच्या गाडीचा सायलेन्सर गंजून खालून फुटला. खाडीचा खारा वारा, दुसरं काय होणार! नवा सायलेन्सर त्यांनी आणून ठेवला आणि मला म्हणाले, क्लॅम्प तुमच्या घरचाच आना. केवढं कौतुक त्या ‘घरचाच’मध्ये. मी कारखान्यातून एक चांगला निवडून घेतला, मालकांना सांगून घेतला — आणि रविवारी तो टेबलावर विसरून उमेळ्याला गेलो.

एवढंच झालं होतं बघा. विसरलो होतो. विसरणं हा काही गुन्हा नाही. अंगणात गाडी स्टँडवर लावलेली, जुना सायलेन्सर मी उतरवलेला, आणि खिशात हात घातला तर खिसा रिकामा. आजूबाजूला दोन-तीन शेजारी उभे, अण्णा त्यांना माझ्याबद्दल काहीतरी सांगतायत. आतून बोंबील तळल्याचा वास. तेव्हा ‘अण्णा, विसरलो हो’ एवढं म्हणायला काय झालं होतं? नाक्यावरचं दुकान उघडं होतं. कुणीही जाऊन आणला असता. पण क्लॅम्पचा साहेब क्लॅम्पच विसरला — हे चार माणसांत म्हणवेना मला.

मी जुना क्लॅम्प उचलला. तारेच्या ब्रशने घासला, मग पॉलिश पेपर मारला. चांदीसारखा चमकायला लागला. तोच चढवला. बोल्ट आवळत गेलो आणि हाताला कळलं — कान टेकले. रोज हेच तपासतो मी. मला कळायला डोळेसुद्धा लागत नाहीत. तरी शेवटचा आटा पिळला आणि पाना खाली ठेवला.

अण्णांनी वाकून पाहिलं. “नवा टाकला ना?”

“टाकला,” मी म्हणालो.

पुढच्या रविवारी येऊन गुपचूप बदलायचा, असं मी ठरवलं होतं. अगदी खरं ठरवलं होतं. पण पुढच्या रविवारी मी झोपलो. त्यानंतरच्या रविवारी कुणाची तरी हळद होती. मग ती गोष्ट मनातून जरा मागे सरली — तुमचं होतं का असं कधी? जी गोष्ट टोचते, तिच्याकडे पाठ करून बसायची आपल्याला सवय होते.

आणि मला आणखी एक संधी मिळाली होती. हे मी कुणाला सांगणारच नव्हतो, पण सांगायला बसलोच आहे तर सगळं सांगतो. अण्णांचा फोन आला. “जावयबापू, गाडी फट फट आवाज करते. सांध्याकडं काळं पन झालंय.” सांध्याला काजळी म्हणजे तिथून धूर निसटतोय, सांधा मोकळा आहे. मला दुसरं काही ऐकायची गरजच नव्हती. तेव्हा रिक्षा करून गेलो असतो तर? मी म्हणालो, नवा सायलेन्सर आहे अण्णा, बसायला थोडा वेळ लागतो. ते म्हणाले, “तुमी सांगता तर बसंल.” आणि त्यांनी समाधानाने फोन ठेवला. माझ्या शब्दाने त्यांचं समाधान व्हायचं.

पुढचा सांधा सुटला की सायलेन्सरचा सगळा भार आणि सगळे हादरे त्याला मागे गाडीशी धरणाऱ्या एका पट्टीवर येतात. ती पट्टी किती दिवस तग धरणार? सांडोरच्या रस्त्यावरच्या गतिरोधकावर ती तुटली. सायलेन्सर खाली पडून चाकाशी अडकला, गाडी कलंडली. सासूबाई भाऱ्यासकट रस्त्यावर पडल्या. मनगट मोडलं, आणि तापलेला सायलेन्सर पोटरीला लागला.

अण्णांनी पहिला फोन मुलाला केला नाही. मला केला. गाडीचं काही म्हटलं की मीच ना! मी पोचलो तोवर लोकांनी सासूबाईंना रिक्षातून दवाखान्यात नेलं होतं, अण्णा त्यांच्यासोबत गेले होते. रस्त्यावर केळीची पानं पसरलेली आणि कडेला गाडी आडवी. मी गुडघ्यावर बसलो. क्लॅम्प तिथेच होता, सायलेन्सरच्या तोंडाशी लोंबत. कान एकमेकांना टेकलेले. मी बोल्ट काढला आणि क्लॅम्प खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी कारखान्यात नापास मालाच्या डब्यात टाकून दिला. तिथे त्याला कोण ओळखणार होतं?

पण मी म्हणतोय तो गुन्हा हा नव्हे. हे सगळं मला एक वेळ पचलं असतं.

दवाखान्याच्या बाकावर आम्ही बसलो होतो — मी, मनीषा, तिचा भाऊ हेमंत, आणि जरा बाजूला अण्णा. अण्णांच्या सदऱ्याला माती. हेमंत घाबरला होता आणि घाबरला की तो चिडतो. या वयात गाडी कशाला हवी, दिसत नाही नीट, आईचा जीव गेला असता, असं तो बोलत सुटला. मग मनीषाने त्याला थांबवलं. तिला वडिलांची बाजू घ्यायची होती. ती माझ्याकडे वळली आणि तिने सरळ विचारलं, “तुम्ही पाहिलीत ना गाडी? गाडीत काही बिघाड होता का?”

अण्णांनी मान वर केली. माझ्याकडे बघत होते ते. त्या नजरेत आशा होती हो. माझ्यावरच होती. क्लॅम्प खिशात होता आणि मांडीला टोचत होता.

मी म्हणालो, “नाही. गाडी व्यवस्थित होती.”

बस. हेच ते. यासाठीच मघापासून एवढा फिरतोय मी.

अण्णांनी मान हलवली, हळू, दोनदा. जावई म्हणतात म्हणजे खरंच. “मीच जोरात घातली असंल,” ते म्हणाले. “कोनाला काय बोलनार!” घरी आल्यावर त्यांनी खुंटीवरची किल्ली काढली. वाटलं, हेमंतला देतील. पण ती त्यांनी माझ्या हातात ठेवली. म्हणाले, तुमच्याकडे नीट राहील. मी ती घेतली. घेतली, आणि वर ‘बरं केलंत अण्णा’ असंही म्हणालो. ते शब्द माझे आहेत. कुणी माझ्या तोंडात घातले नव्हते.

सासूबाईंचं मनगट जुळलं, जरा वाकडं जुळलं. तांदळाची भाकरी आता त्या थापू शकत नाहीत, सून थापते. त्या काही मनाला लावून घेणाऱ्या नाहीत. पाहुण्यांना हसत सांगतात, म्हाताऱ्याने मला उडवलंच होतं. अण्णाही हसतात. पाहुणेही. मी चहाच्या कपात बघतो.

वाडीचं मात्र वाईट झालं. रिक्षा वाडीपर्यंत जात नाही, अण्णांचे गुडघे तेवढं चालू देत नाहीत. आधी एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा, असं होत होत त्यांनी वाडी दुसऱ्याला करायला दिली. आता ते अंगणात खुर्ची टाकून बसतात. रस्त्यावरून कुणाची गाडी गेली की आवाजावरून कुठली ते सांगतात, अजून बरोबर सांगतात. रिक्षात बसले की चालकाला सारखं हळू, हळू म्हणतात. ज्या माणसाने आयुष्यात कुणाला कधी मागे टाकलं नाही, त्याला स्वतःच्या हातांची भीती वाटते. ती भीती मी दिली त्यांना. एवढं वाईट मी दुसऱ्या कुणाचं केलेलं नाही.

मला हे सांगता आलं असतं. कधीही. आजही येईल — ते जिवंत आहेत, ऐकू नीट येतं, उमेळे किती लांब आहे? मग का नाही सांगितलं? या प्रश्नाची उत्तरं मी पुष्कळ शोधली. सासुरवाडीतली माझी इज्जत, मनीषाचा चेहरा, आता उकरून काय उपयोग. सगळी घासून चमकवलेली. एकातही दम नाही.

ती मोटरसायकल आता मीच चालवतो. मागची पट्टी जोडून घेतली, क्लॅम्प नवा बसवला — तेव्हा मात्र विसरलो नाही. काही रविवारी मी अण्णांना मागे बसवून सांडोरला नेतो, वाडी नुसती बघायला. ते दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवतात. तो गतिरोधक आला की त्यांची बोटं आवळतात. मी गाडी अगदी सावकाश काढतो, आणि मागून ते दर वेळी म्हणतात, “अशी चालवायची असते. मना नाय जमलं.”

त्यांना जमलं होतं. त्यांच्या मागे सासूबाई होत्या, मांडीवर पानांचा भारा होता, आणि अण्णा त्या दिवशी सावकाशच चालवत होते. गाडी मी दुरुस्त केली होती.