पेरभर मलम

बातमी आली तो साधा मंगळवार होता. तुमसरच्या माझ्या मेडिकल दुकानात मी एका गिऱ्हाईकाला खाजेचं मलम कसं लावायचं ते सांगत होतो. "आंघोळ झाली की अंग टिपायचं, मग पातळ थर..." तेवढ्यात बपेऱ्याहून मेहुण्याचा फोन आला. माहेरी गेलेली माझी बायको, सुनंदा, हार्ट अटॅकनं गेली होती. मी शटर ओढलं.

तेरवीनंतर दुकान उघडलं, तर तोच माणूस पहिला हजर! "भाऊ, लय वाईट झालं." मग म्हणाला, "पन त्या दिवशी तुमी अर्धंच सांगतलं. म्हनून मी अर्ध्याच अंगाले लावलं!"

त्वचेच्या डॉक्टरांचा दवाखाना समोरच. त्यामुळे माझ्याकडे न खपलेल्या मालापेक्षा किस्सेच जास्त साठतात. मालाला निदान एक्स्पायरी असते.

*

डॉक्टरांचं माप सोपं आहे. बोटाच्या एका पेरावर मावेल तेवढं मलम, दोन तळव्यांएवढ्या जागेला.

राइस मिलमधला एक हमाल चौथ्या दिवशी नवी ट्यूब मागायला आला. त्याचं एक बोट माझ्या दोन बोटांएवढं जाड! म्हटलं, "बायकोच्या बोटानं मोजत जा."

आठवड्यानं परत आला. "मलम लावनंच बंद हाय, भाऊ."

"काहून?"

"माप धानाच्या रोवणीले जाते नं! सांजेले येते, तं म्हनते, आता बोटाले हात लावू नको!"

*

सिहोऱ्याचे एक म्हातारे शेतकरी अंगाला लावायचं मॉइश्चरायझर दर पंधरवड्याला नेत. खाज मात्र तशीच. शेवटी कळलं, बाटली बैलाच्या खांद्यावर रिकामी होत होती.

"बाबाजी, हे तुमच्या पाठीसाठी आहे!"

"माह्या पाठीले माहा हात पुरत नाई," ते म्हणाले. "बैलाच्या खांद्याले पुरते."

घरी दुसरं कुणी नव्हतं.

*

एका आजीबाईंचं स्टेरॉइडचं मलम बंद करून डॉक्टरांनी दुसरं दिलं. हे सुरुवातीला चरचरतं. तसं मी बजावलं होतं. पंधरा दिवसांनी आजी रागावून आल्या.

"दवाईतला दम गेला! आता चरचरत नाई."

"आणि खाज?"

"थे तं कवाचीच गेली."

"मग बिघडलं काय?"

"मंग दवाई चालू हाय का बंद, मले समजल कसं?"

*

खाजेच्या जुन्या आजारावरचं नवं बायोलॉजिक इंजेक्शन आलं तसे फ्रिजचे किस्से सुरू झाले. दर पंधरा दिवसांनी घ्यायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं, बर्फात नाही. एका पेशंटकडे फ्रिज नव्हता. शेजाऱ्याकडे होता, पण त्याच्याशी शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, जुनं भांडण.

तरी इंजेक्शन तिथंच ठेवलं. आता तारीख जवळ आली की भांडण दोन दिवस बंद! पेशंटची खाज पुरती गेली, तेव्हा शेजारीच दुकानात आला. "भाऊ, डॉक्टरले म्हना, एवढ्यात बंद नोका करू. इंजेक्शनच्या निमित्तानं तं बोलते थो."

*

सुनंदाला लहानपणापासून एक्झिमा. मेडिकलवाल्याची बायको, आणि लग्नाकार्यात खाजवत बसायची! मी टोकायचो, "लोक काय म्हणतील?"

"म्हनतील, याच्या दुकानातली दवाई खोटी हाय!"

इंजेक्शनही तिनं वर्षभर टाळलं. आधी रोवणी होऊ द्या, मग कापणी, मग भाचीचं लग्न. शेवटी घेतलं.

दुसऱ्या महिन्यात एका दुपारी जेवायला घरी आलो, तर ती ओसरीवर बसली होती. दोन्ही हात मांडीवर, कुणी सांभाळायला दिल्यासारखे.

"काय झालं?"

"अजी, खाज गेली. आता या हातांले काय काम देऊ?"

"स्वेटर विण," मी म्हटलं.

ती खळखळून हसली. "दुकानात कागद कोनं लावला? 'खाजेला लोकर वर्ज्य' म्हनून? मोठे मेडिकलवाले! क्रोशाचा सुती दोरा आना. पांढरा."

त्यानंतर त्या मंगळवारापर्यंत मालासाठी मी तीनदा नागपूरला गेलो. दोरा आणायचा राहिला.