दिसतंय का, सर?

पिंगळीच्या माळावर रिमोटचं छोटं विमान उडवताना माझा एक जुना विद्यार्थी डोळ्यांवर पडद्याचा चष्मा चढवतो आणि विमानातल्या कॅमेऱ्याला दिसतं तेवढंच बघतो. बाकीचं आभाळ बघायला आणि विमान नजरेत ठेवायला शेजारी माणूस लागतोच, असा नियम. तो माणूस मी. मोबाइल दुरुस्त करणारा हा गडी नियमाला भलताच पक्का. दर मिनिटाला विचारतो, "दिसतंय का, सर?" एकदा मी "न्हाई" म्हणालो, तर त्यानं स्वतः जोडलेलं विमान सरळ बाभळीत घातलं. वर म्हणाला, "खाली बाया हायत, सर."

मला मोतीबिंदू झालाय. त्याला सांगितलं तर तो उडवणंच सोडील, म्हणून गप्प आहे.

काल विमानाचा आवाज कापूस वेचणाऱ्या बायांकडं वळला. मला आभाळ नुसतं पांढरं.

"दिसतंय का, सर?"

तोंडातून निघून गेलं, "दिसतंय."