शेवाळाचा चक्का

आता फजिती सांगायचीच, तर ओमच्या वजनापासून सांगावी लागेल. चार वर्षांचं पोर, पण अंगणवाडीतल्या काट्यावर उभं केलं की काटा जागचा हलायला तयार नसायचा. त्या काळजीने माझी झोप उडाली होती. मुलं हवा खाऊन जगतात का हो?

माझी नणंद स्वाती अमरावतीला शिकते. शेवाळातली पौष्टिक द्रव्यं वेगळी काढायचं तिचं काम. तिने खायच्या शेवाळाची हिरवी भुकटी पाठवली.

"वहिनी, पाण्यात भिजव, फ्रीजमध्ये ठेव, मंग फडक्यातून गाळ. गाळलं की मले फोन कर, पुढचं सांगीन."

मी फोन केला नाही. मी बी.एस्सी. झालेली आहे, हे कृपया विसरून जा. फडक्यात बांधून टांगायचं, एवढंच ना? दर पाडव्याला श्रीखंडासाठी चक्का टांगते मी. पाणी खाली, माल फडक्यात. मोरीतल्या नळाला पुरचुंडी बांधली, खाली पातेलं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी फडक्यात हिरवागार गोळा. मी तो कणकेत मळला, पोळी लाटली, वर तूप सोडलं. ओमने वास घेतला आणि ताट सरकवलं.

"मम्मी, हे म्हशीचं हाय."

तेवढ्यात स्वातीचाच फोन.

"पानी कसं निघालं? निळं ना?"

"कोणतं पाणी?"

"वहिनी, तेच तर पाह्यजे होतं. फडक्यात तं चोथा राह्यते."

मी मोरीत धावले. पातेलं घासून पालथं घातलेलं. शेजारी सासूबाई बादली विसळत होत्या.

"आई, यातलं निळं पाणी?"

"काऊन व, तूच नीळ करून ठेवली होती ना? म्या आबाच्या बनियानी बुडवल्या तिच्यात. पाह्य, कशा चमकून राह्यल्या."

दोरीवर सासऱ्यांच्या तीन बनियानी आभाळासारख्या निळ्या, वाऱ्याने छाती फुगवून उभ्या.

"अहो आई, ओमची सगळी ताकद होती त्या पाण्यात," मी रडकुंडीला येऊन म्हणाले. "आता त्याचं वजन कसं वाढायचं?"

सासूबाई एकदा माझ्याकडे बघत, एकदा दोरीकडे. ओमही तिकडेच बघत होता. बराच विचार करून तो म्हणाला,

"मम्मी, उद्या वजन कराले बनियानलेच घेऊन जा."